छायाचित्रकाराची आत्मप्रतिमा

छायाचित्रकाराची आत्मप्रतिमा : छायाचित्रकाराने स्वतः घेतलेले किंवा दुसऱ्यास घेऊ दिलेले त्याचे स्वतःचे छायाचित्र. इतरांचे चेहरे टिपण्यात आयुष्य घालविणारे अनेक छायाचित्रकार स्वतः कॅमेऱ्यासमोर बसण्यास नाखूष असतात. या नाखुषीला केवळ संकोच म्हणणे पुरेसे नाही. भिंग थोडे खाली आणले, प्रकाश एका बाजूने घेतला किंवा कळ क्षणभर उशिरा दाबली, की तोच चेहरा करारी, थकलेला वा हास्यास्पद दिसू शकतो. सामान्य माणसाला हे अंधुकपणे जाणवते, तर छायाचित्रकाराला ते रोजच्या कामातून ठाऊक असते. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर बसणे म्हणजे ही सारी निवड त्याच्या स्वाधीन करणे होय. त्यामुळे आपले चित्र काढलेच पाहिजे असेल, तर ते आपणच काढावे, याकडे छायाचित्रकारांचा कल दिसतो.

आपले छायाचित्र आपल्याला परके वाटण्यास आणखी एक साधे कारण आहे. माणसाला स्वतःचा चेहरा आरशातून, म्हणजे डावे-उजवे उलट झालेला, परिचित असतो. अमेरिकेत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यक्तींनी आपली आरशातल्यासारखी उलटी प्रत अधिक पसंत केली, तर त्यांच्या मित्रांनी सुलटी. छायाचित्रणाच्या प्रारंभीच्या दागेअरोटाइप पद्धतीत प्रतिमा सामान्यतः उलटीच उमटे; सुलटी प्रतिमा रूढ झाली ती निगेटिव्हवरून कागदावर प्रती काढण्याची पद्धत पसरल्यावर.

फिलाडेल्फियातील दिव्यांचे व्यावसायिक रॉबर्ट कॉर्नेल्यस (१८०९–९३) यांनी १८३९ मध्ये दुकानाबाहेर घेतलेले स्वतःचे दागेअरोटाइप हे उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या व्यक्तिचित्रांपैकी एक मानले जाते. केस विस्कटलेले, हात छातीशी बांधलेले आणि आकृती चौकटीच्या मध्यापासून ढळलेली, असे त्याचे स्वरूप आहे. कॅमेरा लावून स्वतःच त्यापुढे जाणाऱ्याला आपली चौकट दिसत नाही, याचा हा पहिलाच पुरावा म्हणता येईल.

यानंतरचे महत्त्वाचे आत्मचित्र एका तक्रारीतून जन्मले. फ्रान्सच्या अर्थखात्यात नोकरी करणारे ईपॉलीत बायार (१८०१–८७) यांनी कागदावर थेट प्रतिमा मिळविण्याची स्वतंत्र पद्धत शोधली होती आणि जून १८३९ मध्ये पॅरिसमध्ये आपली चित्रे प्रदर्शितही केली होती. तथापि दागेअर यांचे पाठीराखे आणि शास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांनी त्यांना आपला शोध जाहीर करण्यापासून थांबविले. दागेअर यांना सरकारकडून दरसाल ६,००० फ्रँकचे निवृत्तिवेतन मिळाले. बायार यांच्या वाट्याला उपकरणांसाठी ६०० फ्रँक आले. ऑक्टोबर १८४० मध्ये त्यांनी बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचे चित्र घेतले : कमरेपर्यंत उघडे शरीर, बाजूला कललेली मान, मिटलेले डोळे. मागील मजकुरात, सरकारने दागेअर यांना सर्व काही दिले व बायार यांच्यासाठी काहीही करता येत नाही असे सांगितले, म्हणून या दुर्दैवी माणसाने जीव दिला, असे तिऱ्हाइताच्या तोंडून सांगितले आहे. चेहरा व हात काळवंडले आहेत त्याचे कारण ते कुजू लागले, असेही त्यात म्हटले आहे. वस्तुतः ते उन्हाने रापलेले असावेत. उद्भासनास अनेक मिनिटे लागत असल्याने डोळे मिटलेले ठेवणे तांत्रिक दृष्ट्याही सोयीचे होते. छायाचित्र खरे बोलते हा समज रूढ होत असतानाच एका छायाचित्रकाराने त्याद्वारे उघड खोटे बोलून स्वतःवरील खरा अन्याय मांडला, हे या चित्राचे वैशिष्ट्य होय. बायार यानंतर ४६ वर्षांहून अधिक काळ जगले.

भारतात जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (कार. १८३५–८०) हे स्वतः कुशल छायाचित्रकार होते. शिवपूजकाच्या वेषातील त्यांचे आत्मचित्र प्रसिद्ध आहे. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंह शेरगिल (१८७०–१९५४) यांनी अनेक दशके स्वतःची छायाचित्रे घेतली. ते व्यवसायाने छायाचित्रकार नव्हते. गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळण्याचे कारण नसल्याने त्यांच्या चित्रांत वार्धक्य आणि खिन्नताही मोकळेपणाने आली आहे.

विसाव्या शतकात हातात मावणारा कॅमेरा आला आणि रस्त्यावर काम करणाऱ्या छायाचित्रकाराला अनोळखी राहणे ही व्यवसायाची गरज झाली. आंरी कार्त्ये-ब्रेसाँ (१९०८–२००४) आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकीत. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येपूर्वी काही तास, महात्मा गांधींची छायाचित्रे त्यांनी घेतली होती; पण १९७५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारताना आपले छायाचित्र येऊ नये म्हणून त्यांनी तोंडापुढे कागद धरला. जगातील मोठमोठ्यांचे चेहरे टिपणाऱ्याने स्वतःचा चेहरा लपवावा, यातील विसंगती नाकारता येत नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या बाबतीत अज्ञातवास स्वेच्छेचा नव्हता. त्यांची प्रारंभीची छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली गेली.

काहींनी मधला मार्ग काढला. ली फ्रीडलँडर (१९३४–  ) यांच्या सेल्फ पोर्ट्रेट (१९७०) या संग्रहात ते पुष्कळदा केवळ सावली म्हणून येतात. एका चित्रात ती सावली पुढे चालणाऱ्या अनोळखी स्त्रीच्या पाठीवर पडली आहे. सिंडी शर्मन (१९५४–  ) यांनी १९७७–८० या काळात काल्पनिक चित्रपटांतील नायिकांच्या वेषात स्वतःलाच टिपले. मात्र या चित्रांना त्या आत्मचित्रे मानत नाहीत. शिकागोमध्ये मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) यांनी आरसे, दुकानांच्या काचा व सावल्या यांतून स्वतःची असंख्य चित्रे घेतली आणि ती जवळजवळ कोणालाच दाखविली नाहीत. भाडे थकल्यामुळे २००७ मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. निगेटिव्ह परक्यांच्या हाती गेल्या आणि २०१३ मध्ये त्या आत्मचित्रांचा ग्रंथ निघाला. त्यांतील चित्रांची निवड अर्थातच इतरांनी केली.