सरकारी कचेरीचा कर्ता : हबीब रहमान

जालना शहरात जमशेदखानाचे नाव काळी मशिदीमुळे टिकून आहे. पण त्याने केवळ मशीद बांधली नाही. शेजारी हमाम बांधला, सराय बांधली, गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांतून पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणले. सर्वांत मोठा हौद सरायच्या चौकात होता. म्हणजे रात्रीपुरता उतरलेला परमुलखातला व्यापारीही त्या पाण्याचा धनी. आम्ही मुसलमान मात्र आमच्या इमारतींचा इतिहास सांगू लागलो की मशीद, मकबरा आणि किल्ला यांपाशीच थांबतो. नळ कुणाला आठवत नाहीत. नळ घालणारे, कचेऱ्या बांधणारे आमच्यात पुढेही झाले. त्यांतल्या एकाविषयी इथे लिहायचे आहे. तो मराठवाड्याचा नव्हता. पण ज्या प्रश्नाशी तो आयुष्यभर झगडला, तो प्रश्न मराठवाड्याच्या ओळखीचा आहे. सरकार सर्वांचे असेल, तर सरकारी इमारतीचा चेहरा कुणासारखा असावा?

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही उभे आहे : उस्मानिया विद्यापीठाचे आर्ट्‌स कॉलेज. बेल्जियमचे वास्तुकार अर्नेस्ट जास्पर आणि राज्याचे वास्तुकार नवाब झैन यार जंग यांनी अजिंठा-वेरूळच्या खांबांची घडण आणि इस्लामी कमान एकाच इमारतीत आणली. उद्घाटन १९३९ साली झाले. दोन्ही प्रजांना आपले काही तरी तिथे दिसावे हा हेतू उघड आहे, आणि इमारत देखणी आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्याच विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले होते. त्यांतल्या अनेकांनी नागपूरची वाट धरली. दगडात साधलेला मेळ कारभारात साधला नव्हता.

हबीब रहमान यांची सुरुवातही अशाच मेळापासून झाली. १९१५ मध्ये कलकत्त्यात जन्म, शिक्षण आधी इंजिनियरिंगचे. मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वास्तुकलेचे शिक्षण. १९४६ मध्ये ते परतले आणि पश्चिम बंगाल सरकारचे वास्तुकार झाले. बराकपूरला हुगळीकाठी गांधी घाट बांधायचा होता. रहमान यांनी त्यात देवळाचे शिखर, मशिदीचा घुमट आणि ख्रिस्ती क्रूस यांच्या खुणा एकत्र आणल्या. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. नेहरूंना तरुण वास्तुकार आवडला आणि १९५३ मध्ये रहमान दिल्लीला केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यात आले.

दिल्लीत आल्यावर त्यांनी हा मार्ग सोडला, असे आम्हांला दिसते. कचेऱ्यांवर त्यांनी ना शिखर ठेवले ना घुमट. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा, खिडकीवर छज्जा, उन्हाला अडवणारी जाळी, वारा आरपार जाईल असे व्हरांडे. जाळी आणि छज्जा पूर्वी राजवाड्यातही होते आणि मकबऱ्यातही. रहमान यांनी त्यांतली सावली घेतली, नक्षी ठेवून दिली. काही टीकाकारांना त्या इमारती रुक्ष वाटल्या, आणि काही खरोखरच रुक्ष आहेत. पण काळ आठवावा. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या वर्षांत मराठवाड्यातला मुसलमान कचेरीची पायरी दबकतच चढत होता. फाळणीच्या जखमा अंगावर असलेल्या दिल्लीत एक मुसलमान सरकारी नोकर नव्या राज्याच्या कचेऱ्यांना असा चेहरा देत होता, ज्याच्याकडे पाहून कुणाला जात-धर्म आठवू नये. आम्हांला हे रुक्षपण समजते.

या वाटेवर ते एकटे नव्हते. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे त्यांच्याहून वर्षाने धाकटे. तेही अमेरिकेत, हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकले आणि परतून त्यांनी सरकारी संशोधनसंस्थांच्या इमारती घडवल्या, कानपूरची आय.आय.टी. त्यांचीच. मराठी वाचकाला कानविंदे निदान नावाने ठाऊक असतात.

साहित्यिकांना तरी रहमान ठाऊक हवेत. साहित्य अकादमी ज्या रवींद्र भवनात आहे ते त्यांचे काम, १९६१ चे. पहिला आराखडा नेहरूंना रुचला नाही. टागोरांच्या नावाची इमारत कचेरीसारखी दिसू नये, असे त्यांचे म्हणणे. रहमान यांनी तो बाजूला ठेवून नव्याने आखणी केली. पत्नी इंद्राणी रहमान या नामवंत नर्तिका, त्यामुळे कलावंतांच्या घराची कल्पना त्यांना पुस्तकातून घ्यावी लागली नसावी.

खरी कसोटी लागली ती मजारींच्या वेळी. इथे धर्म बाजूला ठेवणे शक्य नव्हते. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलाना आझाद गेले. त्यांचे दफन जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मधल्या जागेत झाले. शाहजहानच्या दोन इमारतींच्या मध्ये काय बांधायचे? रहमान यांनी पातळ काँक्रीटची एक पांढरी, कमानदार छत्री उभारली. चारी बाजूंनी उघडी. भिंत नाही, दार नाही. ज्याने जामा मशिदीतून मुसलमानांना देश सोडू नका म्हणून विनवले, त्याच्या कबरीला मशीद समोर दिसते. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले, तेव्हा जामिया मिल्लियाच्या आवारात त्यांच्या मजारीसाठी रहमान तुघलकांकडे वळले. आत झुकलेल्या भिंती तिथल्या, पण चारी भिंती कोपऱ्यांत एकमेकींना भिडत नाहीत. फटींतून उजेड येतो. १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांची मजारही त्यांनीच केली. देवळामशिदींच्या खुणा कचेऱ्यांवरून उतरवणाऱ्या माणसाला परंपरा कळत नव्हती, असे या तीन मजारी पाहून कुणी म्हणू शकणार नाही.

रहमान केंद्रीय खात्याचे मुख्य वास्तुकार होऊन १९७४ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी दिल्लीत बांधलेली इमारत पुढे पाडण्यात आली, आणि त्यावर मोजक्याच लोकांनी हळहळ व्यक्त केली.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. जिल्हा म्हटला की कचेऱ्या आल्या. महाराष्ट्रातल्या त्या पिढीच्या सरकारी इमारतींत छज्जा, जाळी आणि व्हरांडा यांची जी भाषा दिसते, ती रहमान-कानविंदे यांच्या काळात रुळलेली आहे. पायाभरणीच्या शिळेवर मंत्र्यांची नावे असतात, वास्तुकाराचे सहसा नसते. मौलाना आझादांच्या मजारीला जायचे असेल, तर जामा मशिदीच्या पूर्वेकडच्या दरवाज्याने उतरावे आणि मीना बाजारच्या दुकानांमधून पुढे जावे.