टिकल्यांचं पिस्तूल

पिस्तुलाशी माझा संबंध दिवाळीपुरता. टिकल्यांची गुंडाळी घालायची, चाप ओढायचा आणि दहातल्या चार वाजल्या की धन्य व्हायचं! पुढे कळलं, की ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट १८०७ साली फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्रीबुवांनी घेतलं होतं. गारगोटीच्या बंदुकीचा झोत दिसताच पाखरं उडून जात, म्हणून हा उद्योग. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली आणि टोपीवर चालणारं रिव्हॉल्व्हर.

परवा अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर आपलं नवंकोरं 'जुनं' रिव्हॉल्व्हर दाखवलं. १८५१ चं कोल्ट नेव्ही, बनावट इटलीची!

"मामा, इथल्या केंद्रीय कायद्याने ही पुराणवस्तूच. तुम्ही कशाची नक्कल करायला सांगाल?"

"आधी मिक्सर दुरुस्त करायला सांग," स्वयंपाकघरातून हिचा आवाज.

मी दुर्लक्ष केलं. १८४७ चं कोल्ट वॉकर नको. वजन दोन किलो आणि बार काढला की खालचा दांडा आपोआप लोंबतो. शिवाय त्याच्या नकला केव्हाच निघाल्यात. इटालियन कारखानदार मुख्यतः कोल्ट आणि रेमिंग्टनच्याच मागे! माझं मत १८५६ च्या ब्यूमाँट-अ‍ॅडम्सला. कोल्टचा घोडा दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागे. ह्याचा तसाही ओढता येई आणि नुसता चाप दाबूनही काम भागे. नळी आणि सांगाडा एकसंध. गोळ्या मात्र पाचच.

"पण मामा, हे तर १८५७ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होतं. आपल्याच लोकांवर चाललेलं!"

मी जरा गप्प झालो. मग म्हटलं, "म्हणूनच रे. संग्रहालयात काचेआड ते दागिन्यासारखं दिसतं. हातात घेऊन बघावं. पाच बार संपले, की पुन्हा दारू, गोळी, टोपी, सगळं पाच वेळा. पण ते पाच संपेपर्यंत समोरचा माणूस तलवार घेऊन त्याच्याच दिशेने धावत होता. त्याची छाती केवढी होती, हे मोजायला काही माप नको का?"

पलीकडे शांतता. मग भाचा हळूच म्हणाला, "मामा, कुठे मिळालं तर घेतोच."

"घे. आणि पहिला बार..."

"आधी मिक्सर!" आतून आलेला हा बार मात्र नेमका लागला.