अर्धशिशीचें औषध आणि त्याचा दुसरा गुण

अर्धशिशी हें नांवच मोठें बोलकें आहे. अर्धें डोकें दुखतें आणि उरलेलें अर्धें त्या दुखण्याकडे असहायपणें पाहत बसतें! सुश्रुतानें या व्याधीस अर्धावभेदक म्हटलें. आपल्याकडे कपाळास सुंठ उगाळून लावणें, सूर्योदयापूर्वीं दूध-जिलबी खाणें, अंधाऱ्या खोलींत निजून राहणें, हे उपाय घरोघरीं चालत आले आहेत. त्यांनीं गुण येवो वा न येवो, अपायाची भीति फारशी नव्हती. जिलबीविषयीं तर मुलांची तक्रार कधींच नसे. आज नव्या मुंबईच्या विस्तारांत सामावलेल्या रोडपालीजवळच पनवेल आहे. तेथें कृष्णशास्त्री पुराणिकांनीं १८७२ सालीं धूतपापेश्वराचा औषधि-कारखाना काढला. त्या काळीं या भागांतील रोग्याचा भरंवसा मुख्यतः वैद्याच्या पुडीवरच असे. त्याच सुमारास यूरोपांतील डॉक्टरांची दृष्टि मात्र एका जुन्या विषाकडे वळत होती.

हें विष म्हणजे अरगट. राय नांवाच्या धान्याच्या कणसांत एक बुरशी शिरते आणि दाण्याच्या जागीं काळसर जांभळें, शिंगासारखें वांकडें बोंड धरतें. मध्ययुगांत असल्या धान्याची भाकर खाऊन गांवेंच्या गांवें आजारी पडत. हातापायांची आग आग होई, पुढें बोटें काळीं पडून गळून जात. लोक त्यास संत अँथनीचा अग्नि म्हणत. रक्तवाहिन्या अतोनात आकुंचित होऊन अवयवांस रक्तच पोंचत नसे, हें त्याचें कारण.

परंतु जें विष रक्तवाहिन्या आवळतें, तेंच कपाळाच्या ठणकणाऱ्या शिरेस शांत करणार नाहीं काय? या विचारानें जर्मनींतील ऑयलेनबुर्ग यांनीं १८८३ सालीं अर्धशिशीवर अरगटाचा अर्क वापरला. १९१८ सालीं बाझल येथील सँडोझच्या प्रयोगशाळेंत आर्थर स्टोल यांनीं त्यांतून अर्गोटॅमिन हें शुद्ध द्रव्य वेगळें केलें, आणि १९२६ सालीं झ्युरिकच्या मायर यांनीं अर्धशिशीवरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. १९३८ सालीं ग्रॅहम व वुल्फ या अमेरिकन संशोधकांनीं रोग्याच्या कानशिलावरील धमनीचें स्पंदन यंत्रानें टिपलें. औषध टोचल्यावर स्पंदन जसजसें मंदावलें, तसतशी वेदनाहि ओसरली. या व्याधीचें मूळ केवळ रक्तवाहिन्यांत नसून मज्जातंतूंत आहे, असें पुढील संशोधनानें ठरलें. तथापि त्या काळीं हा पुरावा निर्णायक वाटला.

अरगट हें कांहीं केवळ परदेशीं संकट नव्हे. १९५६-५७ सालीं दक्षिण महाराष्ट्रांत बाजरीवर अरगटाची मोठी सांथ आली आणि तें धान्य खाणाऱ्यांस मळमळ, वांत्या, भोंवळ व झोंपेची गुंगी यांनीं ग्रासलें. बाजरीवरील बुरशी निराळ्या जातीची व तिचें विषहि निराळें. त्यामुळें बोटें झडण्याचा प्रकार आपल्याकडे झाला नाहीं. बियाणें २० टक्के मिठाच्या पाण्यांत टाकून वर तरंगणारीं बोंडें व पोचट दाणे काढून टाकण्याची शिकवण शेतकऱ्यास मिळाली, ती आजहि उपयोगी पडते.

औषधाच्या गोळींतून मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. बोटांच्या अग्रांना मुंग्या येणें, पाय गार पडणें, हें अपेक्षितच होतें. अनपेक्षित तें असें कीं, डोकेंदुखी थांबविणारें औषधच डोकेंदुखी उत्पन्न करूं लागलें! मेयो क्लिनिकच्या पीटर्स व हॉर्टन यांनीं १९५१ सालीं अशा रोग्यांची हकीकत मांडली. गोळीचा अंमल उतरला कीं डोकें दुखावें, म्हणून दुसरी गोळी घ्यावी, आणि ती उतरतांच पुन्हां दुखावें. रोगी बिचारा मूळ रोग बळावला असें समजून मात्रा वाढवी. उपाय एकच: गोळी बंद करणें. बंद केल्यावर कांहीं दिवस वेदना व वांत्या अधिकच होतात; पण तेवढे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीं काढले, तर पुष्कळांस उतार पडतो. हे चार दिवस धीर धरणें, हाच या उपचाराचा सर्वांत कठीण भाग होय.

पुढें १९५९ सालीं फ्लॉरेन्सच्या सिकुतेरी यांनीं मेथिसर्जाइड हें प्रतिबंधक औषध पुढें आणलें. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांत पोटाच्या मागील भागीं तंतुमय गांठ वाढून मूत्रनलिका दाबल्या जातात, असें १९६४ सालीं त्याच ग्रॅहम यांनीं दाखविलें. छत्तीस वर्षांपूर्वीं म्हणावें तर नव्हे, पण सव्वीस वर्षांपूर्वीं ज्यानें एका औषधाचा गुण सिद्ध केला, त्यानेंच दुसऱ्याचा दोष उघड करावा, हा शास्त्राचा प्रामाणिकपणा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्यावर तोडगा निघाला तो असा कीं, सहा महिने औषध दिल्यावर निदान एक महिना विसांवा द्यावा.

अर्गोटॅमिनयुक्त गोळ्या भारतांत अजूनहि मिळतात. एरिथ्रोमायसिनसारखें जंतुनाशक सोबत घेतल्यास यकृतांत अर्गोटॅमिनचें विघटन रोखलें जातें आणि नेहमींच्या मात्रेनेंहि हातपाय निळे पडूं शकतात. म्हणून दुसऱ्या दुखण्यासाठीं डॉक्टरांकडे जातांना ही गोळी चालू असल्याचें सांगावें लागतें. १९९१ पासून बाजारांत आलेलें सुमाट्रिप्टन व त्याच्या जातीचीं औषधें अधिक सुरक्षित मानलीं जातात, पण हृदयविकार असलेल्यांस तींहि वर्ज्य आहेत. आणि महिन्यांतून दहा दिवस वा त्याहून अधिक घेत गेल्यास डोकेंदुखीचें तेंच जुनें चक्र त्यांनींहि सुरू होतें.