पळसाचा मेढा, सातूचा बाहुला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मारबत निघते. आदल्या दिवशी दारापुढे ठेवलेले पळसाचे मेढे उजाडताच उचलायचे आणि आरडाओरडा करत गावाच्या शिवेबाहेर टाकायचे. खोकला, खरूज, डास, ढेकूण, सगळे घेऊन जा गे मारबत! यात विनवणी नाही, थेट हुकूम आहे. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या परिसरात या दिवसांत धान उभे असते. तुडतुडा, गादमाशी आणि डास यांचाही हाच हंगाम. म्हणजे हाकलायच्या यादीतले काहीच हवेतले नसते.

या प्रथेची जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. नागपुरात मारबत म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, आणि तिथली मात्र सांगतात: काळी मारबत 1881 ची, पिवळी 1885 ची. काळीचा संबंध लोक इंग्रजांना सामील झालेल्या राणी बाकाबाई भोसले यांच्याशी जोडतात. बाकाबाई 1858 मध्येच वारल्या होत्या, पण लोकांचा राग तारखा पाहत नाही. खेड्यातला मेढा या राजकारणाहून जुना असावा.

मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाउ’च्या 1900 च्या आवृत्तीत जादू आणि धर्म यांच्यात रेघ ओढली. जादू शक्तींना राबवते, धर्म त्यांची मनधरणी करतो; आणि जादू आधीची. नागपुरात ही रेघ पुसली जाते. पिवळ्या मारबतीच्या दर्शनाला गर्दी होते, लोक हात जोडतात, आणि मग तिलाच जाळतात. हुकूम आणि नमस्कार एकाच पुतळ्याच्या वाट्याला येतात.

ही रेघ टिकत नाही याचा दुसरा पुरावा इटियाडोहच्या शेजारीच आहे. गोठणगावजवळ 1972 पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटी परंपरेत लोसारच्या, म्हणजे नववर्षाच्या आधी, बाराव्या महिन्याच्या 29 व्या तिथीला, घरोघरी गुथुक नावाचे नऊ जिनसांचे सूप होते. त्याच रात्री पिठाचा गोळा अंगावरून फिरवून दुखणी त्यात उतरवतात. ‘लू’ नावाचा सातूच्या पिठाचा बाहुला आणि हे गोळे, पेटत्या चुडी घेऊन, ओरडत, चौकात नेऊन टाकतात. लू म्हणजे पीडा देणाऱ्याला माणसाच्या बदल्यात दिलेली खंडणी. हुकूम नाही, विनवणीही नाही, चक्क सौदा! फ्रेझरच्या दोन खणांत तो कुठे बसवायचा?

बौद्ध मठांनी ही पद्धत हाकलली नाही, आपल्या विधींत घेतली. ल्हासात तर त्यासाठी जिवंत माणूस लागे. अर्धे तोंड काळे, अर्धे पांढरे रंगवलेला तो माणूस एका लामाशी फासे खेळे. लामाच्या फाशावर सगळीकडे सहा, त्याच्या फाशावर सगळीकडे एक. हरल्यावर शहराची वर्षभराची पीडा घेऊन त्याला वेशीबाहेर जावे लागे. ल्हासाची ही हकिगत फ्रेझर यांनीच आपल्या ग्रंथात नोंदवली आहे.