छाटणी कात्रीला घरच्या घरी धार कशी लावायची? मोबाईलने कोन मोजण्याची सोपी पद्धत

मी नाशिक जिल्ह्यातला, घरी द्राक्षबाग आहे. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. दोन्ही वेळेस हातात एकच हत्यार असतं, ते म्हणजे छाटणी कात्री, म्हणजेच सिकेटर. आज आपण तिला घरीच धार कशी लावायची आणि त्यात मोबाईल कसा वापरायचा ते बघू.

धारेचं एवढं महत्त्व का?

एक साधा हिशोब करू. ओळीत ९ फूट आणि वेलीत ५ फूट अंतर असेल तर एकरात साधारण ९६८ वेली बसतात. एका वेलीला ३० काड्या धरल्या, तरी एका छाटणीत २९ हजारांच्या आसपास कट होतात. कात्री बोथट असेल तर प्रत्येक कटाला जास्त जोर लागतो आणि संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. शिवाय काडी कापली न जाता चिरडते. चिरडलेली जखम उशिरा भरते आणि तिथून रोगाला वाट मिळते.

माझी चूक आधी ऐका

गेल्या वर्षी घाई होती म्हणून मी वडिलांची जुनी कात्री बेंच ग्राइंडरवर धरली. मिनिटभरात पातं चकाचक झालं, पण टोक निळं पडलं. मला वाटलं, रंगच तर आहे! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कात्री पुन्हा बोथट. वडील एवढंच म्हणाले, "पाणी उतरलं रे तिचं."

पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्यावर निळा थर दिसतो. म्हणजे पात्याला दिलेला कडकपणा तिथे कमी झाला. मग कितीही धार लावा, टिकत नाही. नवीन पातं मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि छाटणीची टोळी एक कात्री कमी घेऊन काम करत होती. तेव्हापासून ग्राइंडर बंद, हाताने कानसच.

काय काय लागेल?

- बारीक डायमंड कानस (४०० ते ६०० ग्रिट)
- परमनंट मार्कर
- सी-क्लॅम्प आणि जाड हातमोजे
- साबण, तारेचा ब्रश, मशीन ऑइल
- लाकडाची छोटी पाचर
- मोबाईलमध्ये लेव्हल किंवा कोन मोजणारं ॲप

आयफोनच्या मेजर ॲपमध्ये लेव्हल असते. अँड्रॉइडसाठी बबल लेव्हलची फुकट ॲप्स मिळतात. फोनमधला ॲक्सिलरोमीटर सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरून फोन किती अंश तिरका आहे ते कळतं.

मोबाईलने कोन कसा ठरवायचा?

बहुतेक छाटणी कात्र्यांच्या पात्याचा उतार २० ते २५ अंशांचा असतो. पाचर अशी कापा की पाया १० सेंटिमीटर आणि उंची ४.२ सेंटिमीटर येईल. हा उतार साधारण २३ अंशांचा होतो.

आता तपासू. फोन पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे आकडा चुकतो. बटणं नसलेली लांब बाजू वापरा. आधी टेबलावर शून्य येतं का बघा, मग पाचरीवर ठेवून २३ येतात का बघा. झालं, फोनचं काम इथे संपलं. तो लगेच बाजूला ठेवा, कारण स्पीकरमध्ये चुंबक असतं आणि लोखंडाचा कीस जाळीत जाऊन चिकटतो.

धार लावायच्या पायऱ्या

१. कात्री खोलण्याआधी आणि खोलताना फोटो काढा. स्प्रिंग, वॉशर, नट यांचा क्रम नंतर हमखास विसरतो.

२. पातं साबणाने धुऊन चीक आणि गंज काढा, कोरडं करा.

३. पात्याची सपाट बाजू खाली ठेवून ते टेबलाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट बसवा. शेजारी पाचर ठेवा.

४. उतारावर मार्करने काळा रंग द्या.

५. कानस पाचरीच्या उताराला समांतर धरा आणि पात्याच्या बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने फिरवा. मागे आणताना उचला. दोन-तीन हात मारून थांबा.

६. मार्कर बघा. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन बरोबर. फक्त धारेजवळची गेली तर कानस जास्त उभी आहे. फक्त वरच्या कडेची गेली तर जास्त आडवी आहे. तुमच्या कात्रीचा मूळ उतार थोडा वेगळा असेल तर पाचरीपेक्षा मार्करचं ऐका.

७. आता १०-१५ हात मारा. मागच्या बाजूने कडेवर बारीक खरखरीत कोर लागली की समजा धार कडेपर्यंत पोचली.

८. पातं उलटं करा, कानस पूर्ण सपाट टेकवून एक-दोन हलके हात मारा. कोर निघून जाईल. या बाजूला उतार काढू नका, नाहीतर दोन पात्यांत फट पडते आणि काडी अडकते.

बर्फावर स्की करणारेही हेच करतात. स्कीच्या लोखंडी कडेला ते ठरलेल्या कोनाचं गाइड लावूनच कानस फिरवतात आणि मार्करनेच तपासतात. म्हणजे हत्यार कुठलंही असो, जोरापेक्षा कोन सांभाळणं महत्त्वाचं.

धार आली का, कसं ओळखायचं?

मोबाईलचा टॉर्च धारेवर टाका. बोथट जागा चमकते, तीक्ष्ण जागा चमकत नाही. कॅमेरा झूम केला तर खाचाही दिसतात. मग कात्री जोडा, नट इतपतच आवळा की पातं हलणार नाही आणि अडकणारही नाही. वर्तमानपत्राचा एक कागद बुडापासून टोकापर्यंत न दुमडता कापला गेला की काम फत्ते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*धार किती वेळा लावायची?*
छाटणी चालू असताना रोज जेवणाच्या सुट्टीत तीन-चार हलके हात पुरतात. पूर्ण खोलून धार हंगामाआधी एकदा लावा.

*आकड्यासारख्या दुसऱ्या पात्यालाही धार लावायची का?*
नाही. ते काडीला आधार देतं. फक्त साफ करा.

*कात्री निर्जंतुक कशाने करायची?*
७० टक्के अल्कोहोलने पुसा, पण आगीपासून लांब. ब्लीचने पातं गंजतं. शेवटी तेलाचा एक थेंब द्या.

वडिलांच्या कात्रीला आता नवं पातं आहे आणि या वर्षी धार मीच लावली. तुमच्या घरी छाटणी जवळ आली असेल तर आधी एक जुनी कात्री घेऊन सराव करा. आणि हो, हातमोजे विसरू नका!