शंभर डॉलरची सीडी : निप्सी हसल आणि मालकीचा प्रश्न

ऑक्टोबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या निप्सी हसल या रॅपरने ‘क्रेनशॉ’ हा गीतसंग्रह एकाच दिवशी दोन रीतींनी प्रसिद्ध केला. इंटरनेटवर तो फुकट उतरवून घेता येत होता. त्याच गाण्यांच्या सीडीची किंमत मात्र शंभर डॉलर होती. छापलेल्या हजारच्या हजार प्रती चोवीस तासांत संपल्या. त्यांपैकी शंभर प्रती जे-झी या ख्यातनाम रॅपरने घेतल्या. फुकट मिळणाऱ्या गाण्यांसाठी लोकांनी एक लाख डॉलर का मोजले?

याचे उत्तर अमेरिकी ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या रूढ करारात सापडते. कंपनी कलावंताला उचल देते आणि पुढे ती त्याच्या रॉयल्टीतून वळती करून घेते. उचल फिटेपर्यंत त्याच्या हाती फारसे काही पडत नाही. ती फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे ‘मास्टर’, बहुधा कंपनीच्याच मालकीचे राहते. कर्ज फेडून झाले तरी घर सावकाराच्याच नावावर राहावे, तसा हा प्रकार.

या व्यवस्थेला बगल देणारी एक परंपरा कॅलिफोर्नियात आधीपासून होती. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी टू शॉर्टने ईस्ट ओकलंडच्या रस्त्यांवर स्वतः भरलेल्या कॅसेट विकल्या. व्हॅलेहोच्या ई-फोर्टीने ‘सिक विड इट’ ही घरचीच कंपनी उभारली. मास्टर पी याने रिचमंडमधल्या आपल्या दुकानाच्या नावावरून ‘नो लिमिट’ कंपनी चालवली. पुढे प्रायॉरिटी या कंपनीकडे वितरण सोपवताना मास्टरची मालकी मात्र त्याने सोडली नाही. निप्सी या परंपरेचा वारसदार होता.

त्याचे खरे नाव एर्मियास असगेदोम. जन्म १५ ऑगस्ट १९८५चा. वडील एरिट्रियातून आलेले, आई आफ्रिकन-अमेरिकन. दक्षिण लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ भागात वाढताना कुमारवयातच तो ‘रोलिन सिक्स्टीज’ या टोळीत गेला. हे त्याने कधी लपवले नाही. २००४ साली वडिलांसोबत तो एरिट्रियात जाऊन राहिला. सत्तेपासून व्यापारापर्यंत सारे आपल्याच माणसांच्या हाती असलेला देश पाहून आपली दृष्टी बदलली, असे तो पुढे सांगत असे.

काही काळ तो एपिक या मोठ्या कंपनीशी करारबद्ध होता. २०१०मध्ये तो करार संपवून त्याने ‘ऑल मनी इन’ या स्वतःच्या कंपनीमार्फत ‘द मॅरेथॉन’ हा संग्रह फुकट वाटला. शंभर डॉलरची कल्पना त्याला जोना बर्जर यांच्या ‘कन्टेजस’ या पुस्तकातून सुचली. त्यात फिलाडेल्फियातल्या एका उपाहारगृहाच्या शंभर डॉलरच्या सँडविचची हकीकत आहे. निप्सीच्या मोहिमेचे नावच ‘प्राउड टू पे’, म्हणजे अभिमानाने मोजलेले दाम. गाणी सर्वांना खुली होती. पैसे होते ते मालकी टिकवू पाहणाऱ्या कलावंताला दिलेल्या पाठबळाचे. पुढच्या ‘मेलबॉक्स मनी’च्या शंभर प्रती त्याने प्रत्येकी हजार डॉलरला काढल्या.

फेब्रुवारी २०१८मध्ये आलेला ‘व्हिक्टरी लॅप’ हा त्याचा पहिला अधिकृत आल्बम अटलांटिक या मोठ्या कंपनीच्या भागीदारीत निघाला आणि त्याला ग्रॅमी नामांकन मिळाले. मग स्वतंत्र बाणा सुटला काय? तसे म्हणता येत नाही. कंपनी नकोच, असा त्याचा आग्रह कधीच नव्हता. नोकर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून बसायला मिळाले पाहिजे, एवढाच होता. ती जागा मिळवायला त्याला आठ वर्षे लागली.

मालकीचा हाच विचार त्याने वस्तीतही नेला. स्लॉसन आणि क्रेनशॉ या रस्त्यांच्या चौकात २०१७मध्ये त्याने ‘मॅरेथॉन क्लोदिंग’ हे दुकान थाटले. दुकानाच्या दारातच ३१ मार्च २०१९ रोजी वस्तीतल्याच एका ओळखीच्या माणसाने गोळ्या झाडून त्याचा खून केला. वय अवघे तेहतीस. टोळ्यांच्या हिंसाचाराबाबत शहराच्या पोलीस अधिकाऱ्यांशी त्याच्या वतीने ठरलेली बैठक दुसऱ्याच दिवशी होती.

वस्ती सोडून जाणे त्याला सहज परवडले असते. पण वस्तीचे भले तिथे राहूनच होते, ही त्याची धारणा होती. ती चुकीची ठरली असे या मृत्यूवरून म्हणवत नाही; तिची किंमत मात्र दिसते. २०२०मध्ये मरणोत्तर दोन ग्रॅमी आले. ते आले नसते तरी ‘द मॅरेथॉन’नंतरच्या गाण्यांतले त्याचे हक्क त्याच्या वारसांकडेच गेले असते. शंभर डॉलर मोजणाऱ्यांनी विकत घेतले होते ते हेच.