दरबार नसलेल्या गावात गाणं कोण जगवतं?

‘तुझ्या पीएच.डी.चा विषय काय?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘लहान गावांतल्या संगीत मंडळांचे हिशेब.’ त्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘गाण्यात कसला आलाय हिशेब?’ आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचा.

आधी आपला नकाशा बघू. शास्त्रीय संगीताच्या इतिहासात कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी ही नावं पुन्हा पुन्हा येतात. कारण साधं आहे. तिथे संस्थानं होती. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात स्थिरावले ते शाहू महाराजांच्या आश्रयाने. वऱ्हाडात असा दरबार नव्हता. हा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. कापूस भरपूर पिकला, पण गवयाला पगारी ठेवणारा राजा नव्हता. त्यात मुंबई-नागपूर मुख्य रेल्वेमार्ग बडनेरा, धामणगाव, वर्ध्यावरून निघून जातो, यवतमाळ बाजूला राहतं. यवतमाळच्या वाट्याला आली मूर्तिजापूरहून येणारी नॅरोगेज ‘शकुंतला’, आणि तीही आता कित्येक वर्षं बंद आहे. (त्याच मूर्तिजापुरात १९२० साली वसंतराव देशपांडे जन्मले, हे जाता जाता.) म्हणजे इथे कलावंत वाटेत सहज उतरत नाही, त्याला मुद्दाम बोलवावं लागतं. आणि बोलवायचं म्हटलं की पैसा आला.

राजा नसेल तर पैसा कोण देणार? गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्राने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं शोधली.

पहिलं उत्तर सभासदांचं. १८७० मध्ये मुंबईत कैखुश्रू काबराजींनी पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली आणि १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. शिकल्यासवरल्या लोकांनी एकत्र यायचं, वर्गणी भरायची, गाणं ऐकायचं आणि शिकायचं. आजचं ‘म्युझिक सर्कल’ याच घराण्यातलं. याची ताकद म्हणजे पैसा थोडा असला तरी नियमित येतो. दुबळेपणाही तिथेच आहे. गाणं ‘भल्या घरच्या’ लोकांचं झालं आणि दार अरुंद राहिलं. सभासद म्हातारे झाले की मंडळही म्हातारं होतं. तुमच्या गावातही हे पाहिलं असेल.

दुसरं उत्तर एका माणसाच्या गळ्याचं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरज सोडल्यावर जाहीर जलसे केले, तिकीट लावून लोकांसमोर गायले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत शाखा. तिथे कित्येक विद्यार्थी जेवून-राहून फुकट शिकत. हा सगळा धर्मादाय व्याप बराचसा पंडितजींच्या जलशांवर आणि लोकांच्या देणग्यांवर चालायचा. मुंबईत मोठी इमारत झाली, डोक्यावर कर्ज झालं, आणि १९२० च्या दशकात ती इमारत लिलावात गेली. जो माणूस गाऊन संस्था पोसतो तो दमला की संस्थाही दमते.

पण गोष्ट इथे संपत नाही. २१ ऑगस्ट १९३१ ला पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. या मंडळाचा कणा म्हणजे परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या तुम्हाला पाठ असतील. परीक्षेची फी लहान, पण भरणारी मुलं गावोगावची. जिथे दरबार नव्हता, रेल्वेचा मोठा फाटा नव्हता, तिथेही परीक्षा पोचली. तिच्यावर टीका होते, ‘परीक्षा देऊन गवई होत नाही’ म्हणून. खरंय. पण श्रोता होतो! आणि लहान गावात गवयापेक्षा श्रोत्याची टंचाई जास्त असते.

आता तिसरं उत्तर, माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेलं: तारीख. सवाई गंधर्व १९५२ च्या सप्टेंबरमध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी पुढच्या वर्षापासून पुण्यात उत्सव सुरू केला. आज तो केवढा झालाय ते सांगायला नको. तारखा पुढे बदलल्या, आकार बदलला, पण सुरुवात गुरूच्या स्मरणाची होती. पुण्यतिथीचं हेच वैशिष्ट्य आहे. ‘यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणताना जीभ अडखळते. कर्तव्य म्हटलं की वर्गणी मागायला लाज वाटत नाही आणि द्यायलाही जड जात नाही.

हे यवतमाळला लावून बघा. मोठा सोहळा आपल्याला अवघड नाही. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन इथेच भरलं. एकदाच्या कार्यक्रमासाठी गाव धावून येतं. मंडळाला मात्र दरवर्षी धावणारी पाच माणसं लागतात.

हिशेब करा. समजा साठ सभासद, प्रत्येकी पाचशे रुपये. झाले तीस हजार. त्यात गायक, तबला, पेटी, चौघांचा प्रवास, मुक्काम, हॉल, माइक. एकाच कार्यक्रमात वर्ष संपतं. त्यावर धर्मादाय नोंदणी असेल तर दरवर्षीचं ऑडिट आलं, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट आला. गाण्याच्या हौसेने आलेला माणूस या कागदांत अडकतो आणि हळूहळू येईनासा होतो.

म्हणून मला वाटतं, लहान गावाने मोठ्या नावाच्या मागे लागू नये. मुळात आपलं गाणं दिवाणखान्याचंच आहे. चाळीस माणसांची सतरंजीवरची बैठक, माइकशिवाय, जवळच्या जिल्ह्यातला तयारीचा गायक, पुढच्या रांगेत मध्यमाची मुलं, आणि दरवर्षी तीच तारीख. यात हॉल वाचतो, माइक वाचतो, आणि मुख्य म्हणजे पुढचा श्रोता तयार होतो.

एक विनंती. तुमच्या घरात एखाद्या बंद पडलेल्या संगीत मंडळाची पावतीपुस्तकं, निमंत्रणपत्रिका, सभेची इतिवृत्तं असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. दरबारांच्या नोंदी सरकारी दफ्तरात सापडतात. वर्गणीवर चाललेल्या गाण्याची नोंद मात्र फक्त तुमच्या माळ्यावर आहे.